उवेच्या पोटात दिसलेला देव

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसादही वाटून झाला आहे. त्यामुळे आता जे बसले आहेत ते माझं भाषण ऐकायलाच बसले आहेत, असं मी धरून चालतो.

कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "ऊ." त्यांना वाटलं मी काही म्हणतोय आणि आवाज तुटतोय. म्हणून पुन्हा सांगितलं, "ऊ. डोक्यातली." घरी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, गणपतीसमोर उवा? दुसरा विषय नाही का मिळाला?" मी म्हटलं, नाना, ज्याचं वाहन उंदीर आहे तो देव उवेवर रागावणार नाही.

मी वक्ता नाही. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून रक्त, लघवी, थुंकी याच माझ्या पोथ्या. पणजोबा नांदेडकडून निजामाच्या नोकरीसाठी हैदराबादला आले. आज आमची पाचवी पिढी काचीगुड्यात वाढते आहे. तेव्हा माझ्या मराठीत मध्येच दखनी डोकावली तर सांभाळून घ्या.

उवेशी माझी पहिली ओळख आजीने करून दिली. रविवारी दुपारी ओसरीवर आम्हा पाच-सहा भावंडांना रांगेत बसवून ती फणी चालवायची. ऊ सापडली की अंगठ्याच्या नखावर टक्कन आवाज. एकादशीला मात्र आजी ऊ मारत नसे. काढायची आणि वाटीतल्या पाण्यात सोडायची. "मी कुठे मारली? पाण्यात टाकली," असं तिचं धर्मशास्त्र होतं. त्या वाटीत तरंगणाऱ्या उवा मी बराच वेळ बघत बसायचो. पुढे डिप्लोमाच्या काळात आबिड्सला रविवारी पदपथावर भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात मला सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासावरचं एक फाटकं पुस्तक मिळालं. त्यात कळलं, की साडेतीनशे वर्षांपूर्वी एक माणूस अशीच ऊ बघत बसला होता, आणि तिच्या पोटात त्याला देव दिसला होता.

त्याचं नाव यान स्वामरडाम. जन्म १६३७ चा, हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टरडॅमचा. वडील औषधविक्रेते. त्यांना दुर्मीळ वस्तू जमवण्याचा छंद होता. शिंपले, खनिजं, प्राणी, चिनी भांडी यांनी घर भरलेलं असे. त्या वस्तू पुसता पुसता आणि लावून ठेवता ठेवता मुलाला किड्यांचा नाद लागला. लायडन विद्यापीठात तो वैद्यकी शिकला, १६६७ मध्ये पदवी मिळाली. वडिलांना वाटलं, आता पोरगा दवाखाना टाकेल, चार पैसे घरात आणेल. पोरगा मात्र बेडूक, सुरवंट आणि मधमाश्या घेऊन बसला. इथे बसलेल्या अनेक वडिलांना हे दुःख समजेल.

त्या काळात किड्यांबद्दल लोक काय मानत होते, ते आधी सांगायला हवं. तीन गोष्टी मानत होते, आणि त्या थेट अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेल्या होत्या. पहिली, किड्यांच्या पोटात धड अवयव नसतात, आत नुसता चिकट रस असतो. दुसरी, किडे चिखलातून, शेणातून, सडक्या मांसातून आपोआप जन्मतात. तिसरी, सुरवंट मरतो आणि त्याच्या जागी फुलपाखरू नावाचा वेगळाच प्राणी उभा राहतो. रक्ताभिसरण शोधून काढणारा विल्यम हार्वे केवढा थोर माणूस! पण किड्याच्या रूपांतराबाबत त्याचाही असाच काहीसा समज होता.

स्वामरडाम देवभोळा होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की किडा जर घाणीतून योगायोगाने तयार होत असेल, तर माणूसही तसाच तयार झाला असं उद्या कोणी म्हणेल. मग देवाची व्यवस्था राहिली कुठे? म्हणजे देवाची बाजू राखायला तो किड्याच्या पोटात शिरला. पण त्याचा मोठेपणा मला पुढे दिसतो. तो वाद घालत बसला नाही, ग्रंथांतले दाखले देत बसला नाही. त्याने किडा उघडला.

कसा उघडला, हे माझ्या धंद्याचं असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो. आपल्याला आज ब्लेड, चिमटा सगळं पाकिटात मिळतं. त्याची कात्री आणि सुऱ्या इतक्या बारीक होत्या, की त्यांना धारही सूक्ष्मदर्शकाखाली लावावी लागे. काचेची नळी तापवून, ताणून तो केसासारखं टोक काढायचा. त्या नळीतून किड्याच्या आतड्यात हवा फुंकायची किंवा रंग सोडायचा, म्हणजे चपटा अवयव फुगून वर येतो. वीज तर नव्हतीच. त्याचं चरित्र लिहिणारे बूरहावे सांगतात, की उन्हाळ्यात तो सकाळी सहाला बसायचा तो दुपारी बारापर्यंत, भर उन्हात, उघड्या डोक्याने. टोपी घातली तर उजेड अडेल ना! घाम डोळ्यांत उतरायचा. दुपारनंतर ऊन असलं तरी डोळे काम देत नसत.

१६६८ साली फ्लॉरेन्सचा युवराज कोसिमो दे मेदिची हा संग्रह बघायला आला. स्वामरडामने त्याच्यासमोर कोशात जायच्या बेतात असलेला एक सुरवंट घेतला आणि हलक्या हाताने त्याची कातडी सोलली. आत फुलपाखराचे पंख, पाय, मिशा घड्या घालून ठेवलेल्या. म्हणजे कोणी मेलं नव्हतं आणि कोणी नव्याने जन्मलं नव्हतं, तोच एक जीव आतल्या आत वाढत होता. युवराज इतका खूश झाला, की त्याने १२,००० गिल्डर देऊ केले. अट एकच, संग्रह घेऊन फ्लॉरेन्सच्या दरबारी यायचं. स्वामरडामने नकार दिला. त्या दिवशी त्याच्या वडिलांच्या घरात काय बोलणं झालं असेल, याची कल्पना मी तुमच्यावर सोडतो.

पुढच्याच वर्षी, १६६९ मध्ये, त्याचं किड्यांवरचं पुस्तक आलं. नंतर त्याने मधमाश्या घेतल्या. युरोपात तोवर पोळ्यात राजा असतो असंच बहुतेक जण मानत. स्वामरडामने त्या राजाचं पोट उघडलं तर आत अंडाशय! राजा नव्हताच, राणी होती, साऱ्या पोळ्याची आई होती. आमच्या घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढ्यासाठी सूक्ष्मदर्शक कशाला लागतो?"

आणि मग ऊ. १६७८ साली त्याने पॅरिसच्या आपल्या मित्राला, तेव्हनो यांना, उवेच्या शरीररचनेचं वर्णन पाठवलं. पत्राचा आशय असा होता, की मी तुम्हाला उवेच्या शरीरात परमेश्वराचं बोट दाखवतो आहे. बघा, ज्या जिवाला राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळे नखावर चिरडतात, त्याच्या आत त्याला अन्ननलिका दिसली, जठर दिसलं, श्वासाच्या बारीक नळ्यांचं जाळं दिसलं, मेंदू आणि मज्जातंतू दिसले, अंडाशय दिसला. माझ्या आजीच्या वाटीत इतका संसार तरंगत होता, आणि मला नुसता काळा ठिपका दिसत होता.

इथपर्यंत गोष्ट कीर्तनासारखी सरळ चालते. देव मानणाऱ्या माणसाने बघितलं, देव दिसला, रामकृष्णहरी. पण खरी गोष्ट एवढी सरळ नाही. म्हणूनच ती मला सांगाविशी वाटली.

एक तर श्रद्धेने त्याला प्रश्न चांगला दिला, पण उत्तर दर वेळी बरोबर दिलं असं नाही. सुरवंटात फुलपाखरू आधीच घडी घालून ठेवलेलं असतं, हे पाहिल्यावर त्याची कल्पना फार पुढे धावली. सगळ्या पुढच्या पिढ्या पहिल्या जोडप्याच्या शरीरातच भरून ठेवलेल्या असाव्यात, या विचाराला त्याच्या लिखाणाने बळ मिळालं, आणि ती चूक पुढे शंभर वर्षं शास्त्रज्ञांना पुरली. राणीमाशी नराच्या नुसत्या वासाने फलित होते, असंही त्याने लिहून ठेवलं. तेही चूक. जे डोळ्यांनी पाहिलं ते आजही उभं आहे. जिथे न बघता मनाने भरलं, तिथे तो घसरला.

दुसरं म्हणजे हा माणूस आतून फार फाटला होता. वडिलांनी पैसे बंद करण्याची धमकी दिली. ताप तर पाठ सोडत नव्हता. आणि मनात एकच टोचणी होती. मी हे किडे बघतो ते देवासाठी, की माझ्या कीर्तीसाठी? हे भजन आहे, की मोह आहे? त्या सुमारास आंत्वानेत बुरिन्यों नावाच्या एका साध्वीच्या तो भजनी लागला. ही सगळी खटपट म्हणजे संसाराचा मोह, सोडून दे, अशी तिची शिकवण. पाण्यात वाढणारा आणि पंख फुटल्यावर काही तासांतच मरणारा एक किडा असतो, त्याच्यावरचं पुस्तक त्याने १६७५ मध्ये तिच्या संमतीने छापलं. पाण्यात तीन वर्षं वाढायचं आणि पंखांनिशी एक संध्याकाळ जगायचं! पंख फुटल्यावर तो किडा खातसुद्धा नाही. स्वामरडामने त्यात माणसाच्या आयुष्याचं चित्र पाहिलं. मग सगळं सोडून तो तिच्याकडे गेला. रेशमाच्या किड्यावरचं लिखाण त्याने नष्ट केलं, फक्त चित्रं तेवढी इटलीत मालपिगी यांच्याकडे पाठवून दिली. स्वतःच्या हाताने लिखाण नष्ट करणारा माणूस चित्रं मात्र दुसऱ्याकडे सुरक्षित पाठवतो. त्याच्या मनाची ओढाताण याहून वेगळी काय सांगायची?

एका वर्षाच्या आत तो परत आला आणि पुन्हा किड्यांकडे वळला. उवेचं ते पत्र या परत येण्यानंतरचं आहे. म्हणजे त्याने उत्तर शोधलं होतं. बघणं सोडून देव मिळत नाही, नीट बघण्यातच माझी पूजा आहे, असं ते उत्तर असावं, असं मला वाटतं. १६८० साली, अवघ्या ४३ व्या वर्षी तो गेला. कागद या हातातून त्या हातात फिरले. शेवटी बूरहावे यांनी ते विकत घेतले आणि १६३७ साली जन्मलेल्या या माणसाचा मोठा ग्रंथ १७३७-३८ मध्ये छापला. 'निसर्गाचं बायबल' हे नाव त्यांनीच दिलं. आणखी एक गंमत म्हणजे त्याचं म्हणून जे चित्र पुस्तकांत छापतात, ते त्याचं नाहीच, रेम्ब्रांच्या एका चित्रातला दुसराच माणूस उचलून त्याच्या नावावर खपवला आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची अचूक चित्रं काढणाऱ्याचं स्वतःचं खरं चित्र नाही.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो त्या गोष्टीकडे येतो.

त्याची पाठ न सोडणारा तो ताप हिवताप होता, असं त्याचे चरित्रकार सांगतात. हॉलंडच्या दलदलीत तेव्हा हिवताप होता. स्वामरडामने डासाचंही बारकाईने वर्णन केलं आहे, पाण्यातल्या अळीपासून पंख फुटेपर्यंत. त्याने बेडकाच्या रक्तातल्या पेशीही पाहिल्या होत्या, १६५८ साली, म्हणजे एकविसाव्या वर्षी. रक्त पाहिलं, डास पाहिला, ताप अंगात होता. तिन्हींचा संबंध मात्र त्याला ठाऊक नव्हता, आणि त्या भिंगातून तो कळणं शक्यही नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८८० मध्ये, लावेराँ या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला. तो डासातून येतो हे कुठे सापडलं? आपल्या गावात! बेगमपेटला जुन्या विमानतळाजवळून आपण कितीदा जातो, तिथे रोनाल्ड रॉस यांच्या नावाची जुनी इमारत आहे. २० ऑगस्ट १८९७ ला त्यांनी सिकंदराबादेत एका डासाचं जठर सूक्ष्मदर्शकाखाली उघडलं, आणि जठराच्या भिंतीत काळ्या कणांच्या गोल पेशी पाहिल्या. तो डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेला होता. एका डासामागे एक आणा त्याला मिळत असे. ऑगस्टच्या उकाड्यात पंखा चालवता येत नव्हता, कारण वाऱ्याने डास उडून गेले असते. कपाळाच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. आठवतो ना अ‍ॅमस्टरडॅमचा घाम? आणि रॉसही त्या शोधानंतर देवाचे आभार मानणारी कविता लिहायला बसले.

डासाच्या सोंडेत सहा बारीक सुया असतात, एका म्यानात बसवलेल्या. रक्त गोठू नये म्हणून लाळेत औषध असतं. उवेत देवाचं बोट दिसतं, तर या सोंडेतही ते दिसायला हवं. मग त्या सोंडेतून जो ताप येतो तो कोणाचा? हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्याकडे तापाची गर्दी उसळली होती. हिवतापाची स्लाइड बघताना निदान शंभर क्षेत्रं पाहायची असतात. म्हणजे तेलाचं भिंग लावून एकेक जागा सरकवत शंभर जागा बघायच्या आणि मगच 'निगेटिव्ह' लिहायचं. संध्याकाळ झाली होती, साठेक स्लाइड्स उरल्या होत्या. एका बांधकाम मजुराच्या चार-पाच वर्षांच्या मुलाची स्लाइड मी अर्धीमुर्धी पाहिली आणि निगेटिव्ह लिहून टाकलं. तिसऱ्या दिवशी त्याची आई त्याला खांद्यावर टाकून आली. मूल हाकेला ओ देत नव्हतं. डॉक्टरांनी जुनी स्लाइड पुन्हा बघायला सांगितली. सत्तराव्या क्षेत्राच्या आसपास मला जंतू दिसला. बारीक अंगठीसारखा, निळी कडी आणि लाल खडा. तो तिथेच होता. मी तिथपर्यंत गेलो नव्हतो.

मूल वाचलं. मोठ्या दवाखान्यात हलवलं, औषध लागू पडलं. पंधरा दिवसांनी आई भेटायला आली, हात जोडून तेलुगूत म्हणाली, देवाची दया. मी काही बोलू शकलो नाही. ती देवाचे आभार मानत होती आणि चूक माझी होती. चूक मी डॉक्टरांना सांगितली होती, त्या माऊलीला सांगायचं धाडस मात्र मला झालं नाही. आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो आहे.

ज्या दिवशी चूक सापडली त्या रात्री मी नानांजवळ बसलो. मला वाटलं ते म्हणतील, देवापुढे नाक घास, शांत वाटेल. नाना म्हणाले, "उद्या लवकर जा. त्या दिवशीच्या बाकीच्या स्लाइडी पुन्हा बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी दवाखान्यात होतो. त्या संध्याकाळच्या सगळ्या स्लाइड्स पुन्हा पाहिल्या, प्रत्येकीची शंभर क्षेत्रं मोजून. आणखी कुठे चूक नव्हती. आजही मी शंभर मोजतो. गर्दी असली तरी मोजतो. त्यावरून बोलणीही खातो.

इथे दोन्ही बाजूंची मंडळी बसली आहेत. कोणी म्हणेल, एवढी रचना कर्त्याशिवाय होत नाही. कोणी म्हणेल, डार्विनने १८५९ मध्येच सांगितलं, की ही रचना लाखो वर्षांच्या निवडीतून घडते. हा वाद मला सोडवता येणार नाही, डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात तो नव्हता. पण एक गोष्ट मी स्वामरडामकडून घेतली. देव आहे म्हणणाऱ्यानेही शंभर क्षेत्रं बघायची आहेत, आणि नाही म्हणणाऱ्यानेही. देव मानला म्हणून एक क्षेत्र कमी होत नाही. उलट तो मानत होता म्हणून त्याला उवेवर डोळे शिणवावेसे वाटले. ज्याला आपण क्षुल्लक म्हणतो त्यात बघण्यासारखं काही आहे, एवढा विश्वास त्याला होता. मजुराच्या पोराच्या रक्ताच्या एका थेंबाबद्दल तो विश्वास त्या संध्याकाळी माझ्याकडे नव्हता.

जाता जाता सरकारी नोकराची एक विनंती. हे दिवस डासांचे आहेत. मांडवामागच्या पिंपात, कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. थंडी वाजून ताप आला तर मनाने गोळी घेऊन बसू नका, रक्त तपासा. आणि तपासणारा माणूस घाई करताना दिसला, तर त्याला सांगा, भाऊ, सावकाश बघा, आम्ही थांबतो.

नाना, उवांबद्दल बोलून झालं. गणपती बाप्पा रागावलेला दिसत नाही.

गणपती बाप्पा मोरया!